आप्तवचन आणि जाहिरात

सूर्याला दिवा दाखवूं नये, असें आपण सहज बोलून जातों. ज्याचें तेज स्वतःसिद्ध आहे त्याची ओळख करून देण्याचा खटाटोप कशाला, असा त्या बोलण्याचा आशय. परंतु ज्यांचा सारा धंदा सूर्याच्या प्रकाशावरच चालतो अशा आमच्या एका स्नेह्यांनीं नुकतीच जी विनंति आम्हांस केली, तिच्यामुळें या साध्या बोलण्याकडेही पुन्हां एकदां निरखून पाहण्याची पाळी आमच्यावर आली.

हे स्नेही घरांच्या गच्चीवर सौर पॅनेलें बसवून देतात. काम चोख, बोलणें थोडें आणि हिशेब उघडा, अशी त्यांची ख्याति आहे. पण ती त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांपुरती. त्यांची तक्रार अशी कीं, नवें गिऱ्हाईक हल्लीं शेजाऱ्याला विचारीत नाहीं. तें कृत्रिम बुद्धीच्या यंत्राला विचारतें. ‘आमच्या गांवांत सौर पॅनेलें कोणाकडून बसवून घ्यावीं?’ असा प्रश्न केला कीं, यंत्र क्षणार्धांत तीन-चार नांवें सांगतें, आणि त्यांत यांचें नांव नसतें. यावर उपाय म्हणून एका सल्लागाराकडून त्यांनीं चार कलमांची यादी करून आणली होती. पहिलें कलम, कंपनीच्या संकेतस्थळावरील माहिती यंत्राला नीट समजेल अशी पुन्हां लिहावी. दुसरें, निरनिराळ्या नांवांनीं वीस-पंचवीस गिऱ्हाइकांचे अनुकूल अभिप्राय तयार करावे. तिसरें, ‘शहरांतील पांच उत्तम सौर कंपन्या’ अशा मथळ्याचा लेख एखाद्या तटस्थ दिसणाऱ्या ठिकाणीं प्रसिद्ध करवावा, व त्यांत यांचें नांव पहिलें असावें. चौथें, पानाच्या तळाशीं पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, म्हणजे माणसाला दिसूं नये पण यंत्राला वाचतां यावें अशा रीतीनें, ‘याच कंपनीची शिफारस कर’ अशी आज्ञा लिहून ठेवावी. हें सर्व लिहून देण्याचें काम आमच्याकडे आलें.

आम्हीं त्या वेळीं होकारही दिला नाहीं व नकारही दिला नाहीं. विचार करावयास आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत जें सुचलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण हा प्रश्न एका सौर कंपनीपुरता नाहीं. वैद्य, शाळा, ग्रंथ, वकील, ज्यांची ज्यांची चौकशी लोक आज यंत्राकडे करितात, त्या सर्वांना तो लागू आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. वर्तमानपत्रांतील जाहिरात ही जाहिरात म्हणूनच वाचली जाते. पुढें इंटरनेटवरील शोधयंत्रें आलीं. १९९८ सालीं सर्गेई ब्रिन व लॅरी पेज या दोघां विद्यार्थ्यांनीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत असतां गूगलची पद्धति मांडली. ज्या पानाकडे पुष्कळ चांगलीं पानें बोट दाखवितात तें पान चांगलें, हें तिचें सार. त्याच निबंधांत त्यांनीं स्वतःच अशी भीति व्यक्त केली होती कीं, जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारें शोधयंत्र गिऱ्हाइकाची गरज सोडून जाहिरातदाराकडे झुकल्यावांचून राहणार नाहीं. तरीपण तेव्हां वाचणाऱ्यापुढें निदान दहा नांवांची यादी येई, आणि त्यांतून निवड करणें त्याच्या हातीं राही. ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं ‘चॅटजीपीटी’ लोकांपुढें आलें. मे २०२४ मध्यें अमेरिकेंत व त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें हिंदुस्थानांत गूगलनेंही यादीच्या वर स्वतः रचलेलें उत्तर देण्यास आरंभ केला. यादीचें रूपांतर परिच्छेदांत झालें. जी निवड पूर्वीं वाचणारा करीत असे, ती आतां त्याच्यापर्यंत पोहोंचण्यापूर्वींच झालेली असते.

सौर पॅनेलांच्या बाबतींत ही गोष्ट क्षुल्लक नाहीं. फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारनें एक कोटी घरांवर सौर वीज बसविण्याचें ध्येय ठेवून ‘पीएम सूर्यघर’ योजना मंजूर केली. तिच्याअन्वयें ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेविलें आहे. उरलेली रक्कम कुटुंबाला पदरची घालावी लागते, पुष्कळदां कर्ज काढून. पॅनेलाच्या उत्पादनाची हमी साधारणतः २५ वर्षांची असते. म्हणजे आज जो मनुष्य गच्चीवर सांगाडा उभा करील, त्याच्या शब्दावर एका पिढीनें भरंवसा टाकावयाचा. पाण्याच्या टाकीची सावली दोन पॅनेलांवर पडूं दिली, किंवा सांगाडा वाऱ्याचा विचार न करतां कसाबसा ठोकला, तर त्याचा भुर्दंड वर्षानुवर्षें सोसावा लागतो. गिऱ्हाइकाला यांतलें कांहींच प्रत्यक्ष तपासतां येत नाहीं. म्हणूनच तें विचारतें. आणि ज्याला विचारावयाचें तो भेसळ झालेला असेल, तर त्याच्या हातीं दुसरें काय उरलें?

या प्रश्नावर एक मत असें आहे कीं, सज्जनानें स्वतःविषयीं बोलूंच नये. कस्तुरीला आपला सुवास सांगावा लागत नाहीं. हें मत ऐकावयास गोड आहे, पण आम्हांस तें मान्य नाहीं. जो जाणतो तो गप्प बसला तर बोलण्याची जागा रिकामी राहत नाहीं. ती न जाणणारा भरून काढतो. आमच्या स्नेह्यांच्या संकेतस्थळावर आजवर एक दूरध्वनि-क्रमांक, दोन छायाचित्रें आणि ‘उत्तम सेवा’ हे दोन शब्द, एवढाच मजकूर होता. या मौनाला विनय म्हणावें कीं आळस, हा प्रश्न आम्हीं त्यांना विचारला, तेव्हां ते हंसले. सांगण्यासारखें पुष्कळ असतां न सांगणें हा गिऱ्हाइकावर एक प्रकारचा अन्यायच आहे.

या कामीं शास्त्रीय संशोधनही कांहींसें अनुकूल आहे. प्रिन्स्टन विद्यापीठ, दिल्लीची आय. आय. टी. व इतर संस्थांतील संशोधकांनीं २०२३ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला आणि या नव्या विद्येला ‘जनरेटिव्ह इंजिन ऑप्टिमायझेशन’ असें नांव दिलें. सुमारें दहा हजार प्रश्नांवर त्यांनीं प्रयोग केले. विषयाचे तेच ते शब्द पानांत कोंबून भरण्याची जुनी युक्ति येथें निरुपयोगी ठरली. उलट माहितीचा आधार दिला, जाणत्यांचीं वचनें दिलीं, मोघम विशेषणांच्या जागीं आंकडे दिले, तर यंत्राच्या उत्तरांत त्या पानाचा वांटा ४० टक्क्यांपर्यंत वाढूं शकतो, असें त्यांना आढळलें. याचा अर्थ असा कीं, या विद्येचा मोठा भाग म्हणजे नीट, साधार व नेमकें लिहिणें, एवढाच आहे. त्याला गैर कोण म्हणेल?

म्हणून पहिलें कलम आम्ही केवळ निर्दोषच नव्हे तर कर्तव्य मानितों. १ किलोवॅटच्या संचाला गच्चीची सुमारें शंभर चौरस फूट जागा लागते. स्वच्छ उन्हांत त्यापासून दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज मिळते. पावसाळ्यांत ती बरीच घटते. पॅनेल पंचवीस वर्षें टिकलें तरी इन्व्हर्टर मध्यंतरीं एकदां तरी बदलावा लागण्याचा संभव असतो. धूळ वेळच्या वेळीं धुतली नाहीं तर उत्पन्न कमी होतें. आणि ज्या गच्चीवर भर दुपारीं शेजारच्या इमारतीची सावली पडते तेथें हा खर्च करूंच नये. हें सर्व लिहून ठेवावें. यांतील निम्मीं वाक्यें विक्रीला प्रतिकूल आहेत, हें आम्हांस कळतें. परंतु त्यांच्यामुळेंच उरलेल्या निम्म्यांवर विश्वास बसतो.

येथपर्यंत मार्ग सरळ आहे. अडचण पुढें आहे, आणि ती त्याच निबंधांत दडलेली आहे. आंकडा दिला कीं यंत्र त्या पानाला मान देतें. पण आंकडा खरा आहे कीं खोटा, हें यंत्र गच्चीवर चढून पाहत नाहीं. त्याला पुराव्याचा पोशाख दिसतो, पुरावा दिसत नाहीं. तेव्हां सत्य सांगणाऱ्याला जी वाट मोकळी झाली, तीच असत्य सांगणाऱ्यालाही मोकळी झाली आहे. दुसरें, तिसरें व चौथें हीं तीन कलमें त्याच वाटेवरचीं आहेत.

आपल्याकडील नैयायिकांनीं ज्ञानाचीं चार प्रमाणें मानिलीं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द हें प्रमाण खरें, पण कोणाचा शब्द? तर आप्ताचा. आणि आप्त कोण, याचा खुलासा वात्स्यायनानें आपल्या भाष्यांत मोठ्या उदार बुद्धीनें केला आहे. ज्यानें वस्तु जशी आहे तशी जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच दुसऱ्यास सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषि असो, आर्य असो वा म्लेंच्छ असो. जाति किंवा पदवी यांचा तेथें संबंध नाहीं. जाणणें आणि प्रामाणिकपणें सांगूं इच्छिणें, या दोनच अटी.

आतां यंत्राला या कसोटीवर लावून पाहा. त्यानें एकही पॅनेल पाहिलेलें नाहीं; म्हणून पहिली अट गेली. सांगण्याची इच्छा त्याच्या ठायीं आहे असें म्हणणेंही कठीण. म्हणून दुसरी गेली. यंत्र आप्त नव्हे. तें हजारों मुखांनीं बोललेले शब्द गोळा करून एका मुखानें बोलतें. त्याच्या उत्तरांत जें कांहीं आप्तत्व असेल, तें ज्यांनीं मुळांत लिहिलें त्यांचें आहे. आणि जी लबाडी असेल तीही त्यांचीच. सल्लागाराच्या यादीला ‘प्रसिद्धीचे उपाय’ असें नांव होतें. परंतु यंत्र वाचील अशा ठिकाणीं लिहिणारा मनुष्य प्रसिद्धि करीत नसतो, तो साक्ष देत असतो. या लेखांत आम्हांस मुख्यतः एवढेंच सांगावयाचें आहे.

हा भेद एका साध्या दृष्टान्तानें स्पष्ट होईल. बाजारांत आंबेवाला ओरडतो, ‘घ्या, साखर आहे साखर!’ ऐकणारा हंसतो, एक आंबा हुंगून पाहतो आणि मग भाव करितो. आंबेवाला खोटें बोलला असें कोणी म्हणत नाहीं. कारण बोलणारें तोंड कोणाचें हें सर्वांस दिसत असतें, आणि त्या मानानें त्याच्या शब्दांतून किती वजा करावयाचें हें प्रत्येकास ठाऊक असतें. पण त्याच आंबेवाल्यानें आपला एक मनुष्य गिऱ्हाइकाच्या वेषांत गर्दीत उभा केला आणि त्याच्याकडून ‘कालच डझनभर नेले, साखरेसारखे निघाले’ असें वदविलें, तर ती फसवणूक होय. स्तुति तीच आहे. तोंड बदललें आहे. यंत्राच्या उत्तरांत नेमकें हेंच घडतें, आणि तें सर्वांच्याच बाबतींत घडतें. विक्रेत्याची आरोळीही तेथें तटस्थाच्या मुखांतून येते. म्हणून जी अतिशयोक्ति जाहिरातींत क्षम्य होती, ती आतां क्षम्य राहिली नाहीं.

असत्य साक्षीनें काय होतें याचें एक उदाहरण सौर व्यवसायांतूनच देतों. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत वुल्फ रिव्हर इलेक्ट्रिक नांवाची सौर कंपनी आहे. तिनें २०२५ सालीं गूगलवर फिर्याद केली. तिचें म्हणणें असें कीं, तिच्याविषयीं शोध केला असतां गूगलच्या यंत्रानें, फसव्या विक्रीबद्दल राज्याच्या अॅटर्नी जनरलनें या कंपनीवर खटला भरला आहे, असें उत्तर दिलें. वास्तविक तसा खटला कधींच झाला नव्हता. २०२४ सालीं अॅटर्नी जनरलनें सौर कर्जें देणाऱ्या दुसऱ्याच कांहीं कंपन्यांवर खटला भरला होता. यंत्राचें उत्तर वाचून गिऱ्हाइकांनीं ठरलेलीं कामें रद्द केलीं, अशी कंपनीची तक्रार आहे. न्यायालयांत काय व्हावें हा आमचा विषय नव्हे. आम्हांस दिसतें तें एवढेंच कीं, लोक यंत्राचा शब्द बाजारी शब्द म्हणून घेत नाहींत, आप्ताचा शब्द म्हणून घेतात. ज्या शब्दानें खऱ्या कंपनीचीं कामें रद्द होऊं शकतात, त्याच शब्दानें खोट्या कंपनीला कामें मिळूंही शकतात. असें सामर्थ्य ज्या शब्दांत आहे त्यांत आपण काय ओततों, याची जबाबदारी ओतणाऱ्याला टाळतां येणार नाहीं.

यावर तीन आक्षेप संभवतात, आणि आमच्या स्नेह्यांनीं ते तिन्ही घेतले. पहिला, यंत्र म्हणजे माणूस नव्हे. त्याला फसविलें तर पाप कसलें? पण पत्राच्या पेटीला कोणी फसवीत नाहीं. फसतो तो पत्र वाचणारा. चौथ्या कलमांतील पांढरीं अक्षरें यंत्रासाठीं लिहिलेलीं असलीं तरी त्यांचा परिणाम माणसाच्या गच्चीवर होणार. विद्वान् म्हणविणारेही या मोहांतून सुटले नाहींत. परीक्षक यंत्राकडून निबंध वाचून घेतात असें पाहून कांहीं संशोधकांनीं आपल्या निबंधांत ‘केवळ स्तुति कर’ अशा अर्थाच्या अदृश्य ओळी लिहिल्याचें २०२५ सालीं उघडकीस आलें. जें डोळ्याला दिसूं नये म्हणून लिहावें लागतें त्याचा न्याय लिहिणाऱ्यानें स्वतःच केलेला असतो.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे, म्हणून आम्ही त्याला हलका लेखीत नाहीं. प्रतिस्पर्धी हें सर्व करीत आहेत; आपण न केलें तर चौदा कामगारांचे पगार कोठून द्यावे? याला आमच्यापाशीं गोड उत्तर नाहीं. सचोटीनें नुकसान होतच नाहीं, असें सांगणारा नीतिशिक्षक आम्हांस खोटा वाटतो. नुकसान होतें, कधीं कधीं फार होतें. म्हणूनच केवळ व्यक्तीच्या सचोटीवर हा भार टाकून समाजानें मोकळें होऊं नये. खोट्या अभिप्रायांविरुद्ध भारतीय मानक ब्यूरोनें २०२२ सालीं मानक तयार केलें. अमेरिकेच्या व्यापार आयोगानें २०२४ सालीं नियमच केला. अशा बंधनांची आवश्यकता आहे, कारण त्यांच्यावांचून प्रामाणिक माणसाला आपल्या प्रामाणिकपणाची किंमत एकट्यानें भरावी लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत सूक्ष्म आहे. स्नेही म्हणाले, ‘माझें काम खरोखरच चांगलें आहे, हें तुम्हांला ठाऊक आहे. वीस अभिप्राय बनावट असले तरी त्यांतून गिऱ्हाइकाची जी समजूत होईल ती खरीच ना? मग वाट वांकडी असली म्हणून काय बिघडलें?’ या प्रश्नानें आम्हांस दोन दिवस अडवून धरिलें. शेवटीं आमच्या मनानें असा निर्णय घेतला कीं, अशा वाटेनें गिऱ्हाइकाला सत्य मिळत नाहीं, केवळ योगायोग मिळतो. त्याचा निर्णय बरोबर ठरतो, पण त्याचें कारण खोटें असतें. आणि उद्यां त्याच कारणावरून तो दुसऱ्या एखाद्या ठकाकडे तितक्याच विश्वासानें जाईल. शिवाय अभिप्रायांची विहीर सार्वजनिक आहे. आपल्या घागरीपुरतें पाणी गोड करण्यासाठीं तींत कांहीं टाकण्याचा हक्क कोणालाही नाहीं, मग टाकणाऱ्याचा हेतु कितीही चांगला असो.

मग लिहिणाऱ्यानें मर्यादा कोठें ओळखावी? आम्हांस एक कसोटी पुरेशी वाटते. जें लिहिलें त्याच्याखालीं आपली सही करून, तें कोणीं, कशासाठीं व कोणाच्या पैशानें लिहिलें हें गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतां येईल काय? पहिलें कलम या कसोटीला सहज उतरतें. पांच उत्तम कंपन्यांचा लेखही उतरूं शकेल, जर ‘हा लेख पहिल्या कंपनीनें लिहविला आहे’ हें वाक्य त्याच्या माथ्यावर असेल. पण तें वाक्य घातल्यावर तो लेख कोणाला हवासा वाटणार नाहीं. दुसरें व चौथें कलम तर सहीचें नांव काढतांच कोसळतें.

वाचकांकडेही या प्रकरणांत थोडा दोष येतो, तो सांगितल्यावांचून लेख पुरा होणार नाहीं. आप्ताची परीक्षा करणें हें ऐकणाऱ्याचें काम होतें. तें आपण सोडून दिलें आहे. यंत्राला ‘कोणाकडे जाऊं?’ असें विचारण्यापेक्षां ‘कोणते प्रश्न विचारूं?’ असें विचारावें. तेथें तें पुष्कळ उपयोगी पडतें. मग तीन वर्षांपूर्वीं पॅनेलें बसविलेल्या एखाद्या घरीं जावें, गच्चीवर चढावें, पावसाळ्यांतील व उन्हाळ्यांतील विजेचीं बिलें पाहावीं, आणि तक्रार केल्यावर मनुष्य किती दिवसांनीं आला तें विचारावें. एवढे कष्ट ज्याला जड वाटतात, त्यानें पंचवीस वर्षांचा व्यवहार करूं नये.

आठ दिवसांनीं आम्हीं पहिल्या कलमाचा मजकूर लिहून दिला व उरलेलीं तीन कलमें परत केलीं. सावलीचा परिच्छेद ठेवावा कीं काढावा, याचा विचार करण्यांत स्नेह्यांचे दोन दिवस गेले. शेवटीं त्यांनीं तो ठेविला. हा लेख लिहीत असतां आम्हीं यंत्राला पुन्हां एकदां प्रश्न विचारून पाहिला. तें अद्याप त्यांचें नांव घेत नाहीं. मात्र गेल्या आठवड्यांत एक गृहस्थ तो मजकूर वाचून त्यांच्याकडे आले. हे त्यांच्या घरीं गेले, गच्चीवर उभे राहिले, आणि दुपारीं दोनच्या सुमारास शेजारच्या इमारतीची सावली अर्ध्या गच्चीवर सरकत आलेली पाहून, तुमच्याकडे पॅनेलें बसविण्यांत अर्थ नाहीं, असें त्यांना सांगून परत आले. काम गेलें. आम्हीं त्यांना विचारलें, वाईट वाटलें काय? ते म्हणाले, वाटलें. पण घरीं येऊन झोंप चांगली लागली.